अर्जावरची तारीख



सुगी सरली, दोन महिने काम नाही, आणि अर्ज आज केला. मग मागच्या दोन महिन्यांचा बेकारभत्ता मिळेल का? नाही मिळत. गावात कितीदा बोलून दाखवले तरी नोंद झाली नसेल तर ते दिवस गेलेच.

२००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात अर्जापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे होते. नाही दिले तर भत्ता. पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान पाव, पुढे निदान निम्मा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याजागी नवा कायदा केला, पण पंधरा दिवसांची मुदत त्यातही आहे.

जुन्या कायद्यात एक सोय होती, आपल्या कळंब-भूमकडे ती फार थोड्यांनी वापरली. काम पुढे कोणत्या तारखेपासून हवे ते लिहून अर्ज आगाऊ देता येई. म्हणून सुगी चालू असतानाच ग्रामपंचायतीत चौकशी करा, चौघीजणी मिळून जा.

अर्जावर तारखेची जागा कोरी ठेवून अंगठा देऊ नका. मागाहून तिथे कोणती तारीख पडेल सांगता येत नाही, आणि पंधरा दिवस तिथून मोजले जातील. तारखेची पावती हातात पडेपर्यंत उठू नका. ती रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा.