108 माणसं जमली, पुढे काय?



टीम कशी बांधायची यावर बोलताना मी बरीच वर्षं एक चिनी गोष्ट सांगत आलो. ‘शुइहू च्वान’ ही जुनी कादंबरी. शानतुंग भागातला ल्यांगशान डोंगर, भोवती दलदल, आणि तिथे जमलेले 108 बंडखोर. कोणी लष्करातला, कोणी कारकून, कोणी मासेमार. गोष्ट संपली की टाळ्या ठरलेल्या!

आज कबूल करतो, मी गोष्ट अर्ध्यावर सोडत होतो.

आधी त्यातला चांगला धडा बघा. ल्यांगशानचा पहिला प्रमुख वांग लुन, परीक्षेत नापास झालेला पंडित. राजधानीत सैनिकांना शिकवणारा लिन चोंग आसरा मागायला आला, तर याला भीती, हा उद्या माझीच गादी घेईल. पुढे छाओ काय आपल्या साथीदारांसह आला. वांग लुनने चांदी पुढे केली आणि गोड बोलून वाटेला लावायला बघितलं. शेवटी लिन चोंगनेच त्याला संपवलं. आपल्यापेक्षा हुशार माणूस दुकानात नको, असं म्हणणारे मालक तुम्हीही पाहिले असतील. इथपर्यंत सगळं ठीक.

पण पुढे सोंग च्यांग प्रमुख झाला आणि त्याने सभागृहाचं नाव बदललं. आधी नावात फक्त न्यायासाठी एकत्र येणं होतं, आता त्यात ‘निष्ठा’ आली, म्हणजे सम्राटाशी निष्ठा. त्याला सरकारी माफी हवी होती. वू सोंग, ली ख्वेइ यांनी भर मेजवानीत विरोध केला. ऐकलं कोणी? नाही. माफी मिळाली, आणि सरकारने याच लोकांना दुसरा बंडखोर फांग ला याच्याशी लढायला पाठवलं. निम्म्याहून जास्त वीर त्या मोहिमेत गेले. शेवटी सोंग च्यांगलाही दरबारातल्या शत्रूंनी विषारी दारू पाजली. आपल्यामागे ली ख्वेइ बंड करेल म्हणून त्याने मरण्याआधी त्यालाही तीच पाजली.

ही गोष्ट अर्ध्यावर सोडणारा मी एकटा नाही. 1641 मध्ये चिन शंगथान या टीकाकाराने पुढचा भाग कापून 70 प्रकरणांची आवृत्ती काढली, आणि पुढे तीच खूप वाचली गेली. 1995 चा ‘सुइकोडेन’ हा जपानी व्हिडिओ गेम घ्या. 108 साथीदार जमवा, सगळे जमले की शेवटही जास्त गोड! उलट चीनच्या सरकारी वाहिनीची 1998 ची 43 भागांची मालिका पार शेवटापर्यंत जाते. बघताना जड जातं, पण माझ्या मते धंदेवाल्याने तीच बघावी.

का? कारण गेममध्ये माणसं जमवणं हेच ध्येय असतं. आपल्याकडेही तेच चालतं ना? ‘आमच्याकडे आता चाळीस जण आहेत’ हे छाती फुगवून सांगतो. ते चाळीस जण कशासाठी आलेत, हे विचारत नाही. ल्यांगशानवरही सगळे खुशीने आले नव्हते. छिन मिंग या सेनापतीला आणण्यासाठी सोंग च्यांगने असा डाव रचला की त्याचं सगळं कुटुंब मारलं गेलं. मग जायला जागाच उरली नाही, म्हणून तो राहिला. अशा राहण्याला निष्ठा म्हणायचं का?

कोणी म्हणेल, सर, प्रमुखाला निर्णय घ्यावाच लागतो. मान्य. सतत पळत राहणंही परवडत नाही, माफी मागण्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. चूक वेगळीच आहे. माणसं एका पाटीखाली आली होती. पाटी बदलली, तेव्हा ज्यांना पटलं नाही त्यांना मोकळेपणाने जाऊ द्यायला हवं होतं.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. मोठ्या गिऱ्हाइकाचं काम धरायचं असेल, भागीदार घ्यायचा असेल, धंद्याची दिशाच बदलायची असेल, तर आधी तुमच्या सगळ्यात जुन्या माणसासोबत चहा घ्या. त्याला विचारा, ‘तू इथे कशासाठी आलास?’ उत्तर येईपर्यंत मधे बोलू नका.

मी माझ्या ऑफिसात हेच विचारलं. उत्तर ऐकून दोन दिवस नीट झोप लागली नाही. पण विचारलं ते बरंच झालं.