वयोवृद्ध शेतकरी आणि सरकारी आरोग्यविमा

पेरणीची वेळ टळली म्हणजे मागाहून कितीही उत्तम बियाणें आणलें तरी तें वायां जातें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. जमिनीस वापसा आहे तोंच तिफण जुंपावी लागते. परंतु जो शेतकरी शेताच्या बाबतींत एकेका दिवसाचा हिशेब ठेवितो, तोच घरांतील वडीलधाऱ्या माणसांच्या आजारपणाविषयीं मात्र ‘पुढचें पुढें पाहूं’ असें म्हणून स्वस्थ बसतो, असा आमचा अनुभव आहे. सत्तर वर्षें ओलांडलेल्या प्रत्येक माणसासाठीं आज सरकारी आरोग्यविम्याची सोय झालेली असतां आमच्या वर्गांतील पुष्कळ कुटुंबांनीं तिच्याकडे वळूनही पाहिलेलें नाहीं. म्हणून ह्या विषयाचा थोडा स्पष्ट विचार ह्या अंकीं करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरीं घडलेली हकीकत प्रथम सांगतों. घर खाऊनपिऊन सुखी; जमीन आठ एकर, पैकीं तीन एकर विहिरीखालीं भिजणारी. घरच्या वडिलांचें वय ७४. एके रात्रीं त्यांच्या छातींत कळ आली, आणि मुलांनीं मिळालें त्या वाहनांत घालून त्यांस शहरांतील एका इस्पितळांत नेलें. तेथें आधीं अनामत रक्कम मागण्यांत आली, मग औषधांची, मग शस्त्रक्रियेची. चौथ्या दिवशीं सूनबाईंचे दागिने गहाण पडले आणि महिन्याच्या आंत विहिरीजवळचा एक एकर विकला गेला. वडील बरे होऊन घरीं आले, ही परमेश्वराची कृपा. पण ते आतां त्या बांधाकडे फिरकत नाहींत. ‘माझ्या जिवापायीं पोरांचा तुकडा गेला,’ असें ते येणाऱ्याजाणाऱ्यास सांगतात. वस्तुतः ह्या गृहस्थांस सरकारी विम्याचा हक्क होता. त्याच शहरांत योजनेशीं संलग्न असलेलें दुसरें इस्पितळही होतें. परंतु घरांत कार्ड नव्हतें, आणि तें इस्पितळ कोणतें हें कोणासच ठाऊक नव्हतें. आम्हीं विचारिलें तेव्हां थोरल्या मुलानें उत्तर दिलें, ‘तें गरिबांचें असतें ना? आम्ही सातबाऱ्याचे धनी, आम्हांला कोण देतो?’

ह्या एका वाक्यांत सगळा घोटाळा सांठविलेला आहे. तो समज मुळांत निराधार नव्हता, हेंही खरें. केंद्र सरकारनें २३ सप्टेंबर २०१८ रोजीं रांची येथें आयुष्मान भारत योजनेचा प्रारंभ केला, तेव्हां लाभार्थी कुटुंबें २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय गणनेवरून ठरविलीं होतीं. त्या गणनेंत ज्याच्याजवळ अडीच एकर बागायत जमीन व सिंचनाचें एखादें यंत्र असेल, ज्याच्या दारीं ट्रॅक्टर असेल, किंवा ज्याच्या किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५०,००० रुपये वा त्याहून अधिक असेल, त्याचें कुटुंब आरंभींच वगळलें जाई. कर्जाची मर्यादा हें श्रीमंतीचें लक्षण ठरावें, ह्याहून शेतकऱ्याची थट्टा ती कोणती!

परंतु सत्तरीपुढील माणसांपुरती ही अट आतां उरलेली नाहीं. ११ सप्टेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें असा निर्णय केला कीं, उत्पन्न कितीही असो, जमीन कितीही असो, ज्याचें वय ७० वर्षें वा अधिक आहे त्या प्रत्येक नागरिकास ह्या योजनेंत घ्यावें. २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं, धन्वंतरी जयंतीच्या दिवशीं, त्याचा प्रारंभ झाला. त्यासाठीं मिळणाऱ्या कार्डास ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’ असें म्हणतात. ह्या कार्डावर योजनेशीं संलग्न इस्पितळांत दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा खर्च वर्षाकांठीं ५ लक्ष रुपयांपर्यंत भागतो. हप्ता भरावा लागत नाहीं. जुना आजार असला तरी तो पहिल्या दिवसापासून धरला जातो. खासगी विम्याप्रमाणें वर्ष-दोन वर्षें वाट पाहावी लागत नाहीं. दाखल होण्यापूर्वींचे ३ दिवस आणि घरीं परतल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधेंही त्यांत येतात. एकाच घरांत सत्तरीपुढील दोन माणसें असल्यास ही रक्कम दोघांत मिळून समजावयाची. ज्यांचें कुटुंब पूर्वींपासूनच आयुष्मान योजनेंत आहे, त्यांच्या घरच्या वृद्धांस ही ५ लक्षांची रक्कम स्वतंत्र मिळते. तींत घरांतील तरुणांचा वांटा नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, वडिलांचें वय ७३ आणि आईचें ६६ असेल तर आईचें काय? तिच्यासाठीं राज्य सरकारची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ही योजना प्रथम २ जुलै २०१२ रोजीं आठ जिल्ह्यांत निराळ्या नांवानें सुरू झाली, पुढें २०१३ सालीं सर्व राज्यभर झाली, आणि २०१७ पासून आजच्या नांवानें चालते. पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरी पूर्वीं तींत केवळ १४ जिल्ह्यांपुरते घेतले जात. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयानें ती सर्व शिधापत्रिकाधारकांस खुली करण्यांत आली, आणि विम्याची मर्यादाही दीड लक्षांवरून ५ लक्ष रुपयांवर नेण्यांत आली. म्हणून आईचें नांव शिधापत्रिकेंत आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. भावाभावांचे वांटे होतात, चुली निराळ्या होतात, शिधापत्रिका निराळ्या होतात, आणि म्हातारीचें नांव एकीतून निघतें तें दुसरींत चढतच नाहीं. वांटणीच्या वेळीं भांड्याकुंड्यांची यादी करणाऱ्या मुलांनीं एवढी एक ओळ विसरावी, ही आम्हांस लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

आतां नोंदणीचें सांगतों. वय वंदना कार्डास आधार कार्डाखेरीज दुसरा कागद लागत नाहीं. उत्पन्नाचा दाखला नको, सातबारा नको. आयुष्मान ॲपवर घरबसल्या नोंदणी होते, अथवा गांवच्या सेवाकेंद्रावर किंवा संलग्न इस्पितळांतील आरोग्यमित्राकडे ती करवून घेतां येते. पूर्वींचें आयुष्मान कार्ड जवळ असलें तरी सत्तरी पूर्ण होतांच ही नवी नोंदणी करावी. सरकार ह्या कार्डासाठीं कांहींही शुल्क घेत नाहीं. म्हणून कार्ड काढून देतों म्हणून शेंकड्यांनीं रुपये मागणाऱ्या मध्यस्थास दारांतूनच परत पाठवावें, व मोबाईलवर आलेला ओटीपी अनोळखी माणसास कदापि सांगूं नये.

तीन अडचणी मात्र शेतकऱ्याच्या वांट्यास विशेषेंकरून येतात. पहिली वयाची. आमच्या पिढींतील पुष्कळांचा जन्म कोठें नोंदलेलाच नाहीं. ‘मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालचा’ एवढेंच घरीं ठाऊक असतें, आणि आधार काढतांना कारकुनानें अदमासानें जें साल घातलें तेंच कायम होऊन बसतें. योजनेंत वय धरतात तें आधारावरचें. तें चुकलें असेल तर शाळेच्या दाखल्यासारखा पुरावा शोधून, आधार केंद्रावर काय चालतें हें विचारून, दुरुस्ती करवावी. आणि ती सामान्यतः एकदांच करतां येते, म्हणून विचारपूर्वक करावी. दुसरी अडचण बोटांची. विळा, दोर व नांगराची मूठ यांनीं झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखीत नाहीं, आणि म्हातारा हिरमुसून परत येतो. त्यानें परत येऊं नये. डोळ्यांच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून अथवा ओटीपीवरूनही ओळख पटवितां येते, हें केंद्रचालकास स्पष्ट सांगावें. तिसरी अडचण मोबाईलची. आधाराशीं जोडलेला क्रमांक पुण्यास नोकरीवर असलेल्या मुलाचा असतो, किंवा कधींच बंद पडलेला असतो. तो आजच बदलून घ्यावा.

ज्यांच्याजवळ खासगी विमा आहे त्यांसही हें कार्ड काढतां येतें. परंतु फौजेंतून निवृत्त होऊन शेतीवर आलेल्या आमच्या बंधूंस एक इशारा देणें अवश्य आहे. माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेंत बाहेरून दाखविण्याची व औषधांचीही सोय असते. वय वंदना कार्डांत ती नाहीं. दोहोंपैकीं एकच पत्करावयाची असते. म्हणून शेजाऱ्यानें काढलें तें आपणही काढावें, अशा घाईनें हातचें सोडूं नये.

नोंदणी झाली म्हणजे काम संपलें असें मात्र नव्हे. कार्ड सगळ्याच इस्पितळांत चालत नाहीं, आणि जें इस्पितळ हाडांसाठीं संलग्न आहे तें हृदयासाठीं असेलच असें नाहीं. आमच्या परिचयाच्या त्या कुटुंबाचा घात ह्याच अज्ञानानें केला. कार्ड कांहीं वेळां इस्पितळांत गेल्यावरही काढून मिळतें. पण चुकीच्या इस्पितळाच्या पायरीवर उभें राहून तें ज्ञान काय कामाचें? म्हणून केंद्राच्या १४५५५ ह्या क्रमांकावर वा राज्य योजनेच्या १५५३८८ ह्या क्रमांकावर विचारून, आपल्या भागांतील संलग्न इस्पितळांचीं नांवें व तेथें कोणते उपचार होतात तें एका कागदावर उतरून घ्यावें, आणि तो कागद पंचांगाशेजारीं भिंतीस टांगावा. आजार तिथी पाहून येत नाहीं.

ह्या योजनेंत उणिवा नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. रक्तदाब व मधुमेह यांच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च म्हातारपणीं सर्वांत चिवट; त्याची सोय ह्या कार्डांत नाहीं. त्यासाठीं प्राथमिक आरोग्यकेंद्राचाच दरवाजा ठोठावावा लागतो, आणि तेथें औषधें नियमित मिळालीं पाहिजेत हें मागणें आपण ग्रामसभेंत मांडलें पाहिजे. दुसरें, मोठीं संलग्न इस्पितळें बहुतेक शहरांत. खेड्यांतून तेथवर पोंचण्यांतच अर्धी रात्र जाते. तिसरें, सरकारकडून देयकें वेळेवर येत नाहींत अशी इस्पितळांची तक्रार आहे. उसाचें बिल थकलें म्हणजे पुढच्या लागवडीचें काय होतें हें आम्हांस कोणी शिकवावयास नको; इस्पितळांचीं बिलें थकलीं म्हणजे ती झळ शेवटीं रुग्णासच लागते. सरकारनें आश्वासन दिलें आहे तर त्याची रक्कमही वेळेवर चुकती करावी.

कोणी म्हणतील, सरकारी मदत घेणें हें मानी शेतकऱ्यास शोभत नाहीं. आम्हांस हें मत सर्वथा चुकीचें वाटतें. डिझेलपासून अवजारांपर्यंत प्रत्येक खरेदीवर आपण कर भरतों. त्यांतून उभी राहिलेली ही सोय म्हणजे दान नव्हे. १९४३ सालीं नेमलेल्या भोर समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल दिला, तेव्हांच पैशाअभावीं कोणीही योग्य उपचारांवांचून राहूं नये हें तत्त्व तिनें मांडलें होतें. तें खेड्यांतील म्हाताऱ्याच्या खाटेपर्यंत यावयास इतकीं वर्षें लागलीं. आतां तें दारीं आलें असतां आपण दार लावून घ्यावें काय? १८७५ सालीं पुणें व नगर ह्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं गहाणखतें जाळलीं, आणि १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या काळीं जमीन सावकाराच्या वहींतून जात असे. आज ती इस्पितळाच्या बिलांतून जाते. जाण्याची वाट बदलली, तुकडा तोच.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, हें काम घरोघर सोडून न देतां गांवच्या संस्थांनीं अंगावर घ्यावें. सेवा सोसायटीच्या सचिवाजवळ सभासदांची यादी असते. तीवरून सत्तरीपुढील स्त्रीपुरुषांची निराळी यादी करण्यास एक संध्याकाळ पुरे. एखादा बाजाराचा दिवस ठरवून गांवांतील दोन लिहित्यावाचत्या तरुणांस मोबाईल घेऊन चावडीवर बसवावें. जें अंथरुणास खिळलेलें असेल त्याच्या घरीं त्यांनीं स्वतः जावें. विधवा व एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे सर्वांत आधीं जावें, कारण त्यांच्यासाठीं रांगेंत उभें राहणारें कोणी नसतें. आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकानें आपल्या घरचें एक व शेजारचें एक, अशीं दोन नांवें जरी नोंदविलीं, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.

शेतकरी बंधूंनो, ज्यांनीं विहीर खणली, बांध घातले आणि कर्ज फेडून जमीन आपल्या हातीं दिली, त्यांस म्हातारपणीं ‘माझ्यापायीं तुकडा गेला’ असें म्हणण्याची पाळी येऊं नये. अर्ध्या दिवसाचें काम आहे. घरांत माणूस हिंडतेंफिरतें आहे तोंच तें उरकून घ्या.