सरकारी कामासाठी विंडोजची सक्ती कोणत्या धोरणात बसते?

मा. सचिव,
इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय,
नवी दिल्ली

महोदय,

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. तालुक्याच्या गावातले दुकानदार, हिशेबनीस, करसल्लागार यांच्याकडचे कितीतरी संगणक या अटीत बसत नाहीत. ते बिघडलेले नाहीत, तरी भंगारात काढायचे का?

आमच्यातल्या काहींनी ते भंगारात काढले नाहीत. लिनक्स मिंट घातले. चार जीबी रॅमवर ते नीट चालते, परवान्याला पैसे पडत नाहीत आणि २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. पत्रे आणि हिशेब लिबरऑफिसमध्ये होतात, बँकेचे काम फायरफॉक्समध्ये होते, मराठी इन्स्क्रिप्टने टाइप होते. रोजच्या वापरात काही अडत नाही. अडते ते सरकारी कामापाशी.

जीएसटीचे ऑफलाइन टूल घ्या. एका वेळी १९,००० नोंदी घेणारे, सरकारने फुकट दिलेले हे साधन. ज्याच्याकडे बिलांचा ढीग आहे आणि महागडे सॉफ्टवेअर घेण्याची ऐपत नाही, त्याला याचाच आधार. त्याच्या अटी काय? विंडोज ७ किंवा त्यापुढचे आणि एक्सेल २००७ किंवा त्यापुढचे. लिनक्सवर हे चालणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे तक्रार करण्याआधीच नकार हातात ठेवलेला. प्राप्तिकराच्या ऑफलाइन युटिलिटीलाही विंडोज ७ किंवा त्यापुढचेच लागते. पूर्वी ती जावामध्ये मिळायची आणि लिनक्सवर चालायची. २०२१-२२ या करनिर्धारण वर्षापासून ती बंद केली. होती ती सोयही काढून घेतलीत.

आता या अटीचा अर्थ पाहा. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. पॅन, बँक खाते, व्यापाऱ्याची सगळी उलाढाल असलेली फाइल अशा असुरक्षित संगणकावर भरलेली सरकारला चालते. काल रात्री अपडेट झालेल्या लिनक्सवर मात्र चालत नाही. याला सुरक्षेचा निकष म्हणता येत नाही. ही एका कंपनीच्या गिऱ्हाइकीची सक्ती आहे, आणि ती कर भरणाऱ्या माणसावर कर भरतानाच लादली जाते.

ही साधने अर्थ मंत्रालयाची आहेत, असे उत्तर कृपया देऊ नका. धोरण तुमचे आहे. ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण तुमच्याच विभागाने २०१० मध्ये काढले. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे केंद्र सरकारचे धोरण २०१५ मध्ये तुम्हीच जाहीर केले. निविदांमध्ये मुक्त-स्रोताचा विचार झालाच पाहिजे आणि तो डावलला तर कारण द्यावे लागेल, असे त्यात म्हटले आहे. मग एक्सेलच्या मॅक्रोवर चालणाऱ्या सरकारी फायली कोणत्या खुल्या मानकात बसतात? त्यासाठी दिलेले कारण कुठे आहे? आम्हाला ते वाचायचे आहे.

हे जमण्यासारखे नाही, असेही सांगू नका. सी-डॅकने २००७ मध्ये बॉस लिनक्स आणले, मराठीसह भारतीय भाषांत. सी-डॅक तुमच्याच मंत्रालयाखाली येते. जनतेच्या पैशातून सरकारने स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम केली, आणि सरकारचे कराचे टूल तिच्यावरच उघडत नाही! केरळने शाळांमधले दोन लाखांहून अधिक संगणक लिनक्सवर चालवून दाखवले. त्यातून तीन हजार कोटी रुपये वाचल्याचे तिथल्या काइट या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये सांगितले. एका राज्याच्या शाळामास्तरांना जमले, ते केंद्राला का जमत नाही?

आमच्या मागण्या तीन आहेत. नागरिकांना वापरावे लागणारे प्रत्येक सरकारी साधन ब्राउझरमध्ये चालावे, नाहीतर त्याची लिनक्स आवृत्ती त्याच दिवशी यावी. भरायच्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडल्या आणि जतन झाल्या पाहिजेत. आणि बॉसवर चाचणी झाल्याशिवाय कोणतेही सरकारी सॉफ्टवेअर जाहीर करू नये. या तिन्हींसाठी नवा कायदा लागत नाही. तुमची २०१० आणि २०१५ ची धोरणे पाळली तरी पुरे.

आम्हाला सवलत नको आहे. कर आम्ही भरतो आणि यापुढेही वेळेवर भरू. तो भरण्यासाठी कोणत्या कंपनीचे गिऱ्हाईक व्हायचे, हे ठरवण्याचा अधिकार सरकारला नाही. पुढच्या विवरणपत्रांच्या मुदतीआधी आम्हाला याचे लेखी उत्तर हवे आहे, तारखेसह.

आपला,
लिनक्सवर काम करणारा एक करसल्लागार, बार्शी