फावडं चालतं, फावडंवाला नको



परवा एका साहित्यिक मासिकाच्या संपादकानं माझी कविता घेतली. वर म्हणाला, 'नावाखाली गोदी कामगार असं टाकू या. वाचक हळवा होतो.' च्यायला! कविता माझी, आणि भाव माझ्या पाठीवरच्या गोणीला. मला पास्कल डी'अँजेलो आठवला.

हा इटलीतल्या आब्रुत्सीच्या खेड्यातला पोरगा. 1910 साली बापाबरोबर अमेरिकेत आला. 1880 ते 1920 या काळात असे 40 लाखांवर इटालियन तिकडं गेले. बहुतेक दक्षिणेतले, भुकेनं हाकललेले. त्यांनी रस्ते खोदले, रूळ टाकले. 1891 साली न्यू ऑर्लीन्समध्ये जमावानं त्यांच्यातले 11 जण मारले. पास्कल कुदळ मारता मारता जुन्या डिक्शनरीवरून इंग्रजी शिकला, इंग्रजीत कविता लिहू लागला. त्या परत यायच्या. 1922 साली त्यानं 'नेशन'च्या कार्ल व्हॅन डोरेनला पत्र लिहिलं, तेव्हा कुठं दार उघडलं. 1924 साली 'सन ऑफ इटली' हे आत्मचरित्र निघालं, व्हॅन डोरेनच्या प्रस्तावनेसकट. कौतुक झालं : कुदळ-फावड्याचा कवी!

आणि त्याच 1924 साली अमेरिकेनं कायदा करून इटलीचा कोटा वर्षाला 4 हजारांच्याही आत आणला. म्हणजे कवी पायजे, कवीचं गाव नको. फावडं चालतं, फावडंवाला नको. व्हॅन डोरेन वाईट माणूस नव्हता. पण एका माणसाच्या चांगुलपणानं पंगत बदलत नाही. 1932 साली पास्कल ब्रुकलिनमध्ये कंगाल मेला. वय 38.

आता दुसरा बघा. आर्तुरो जोव्हान्नित्ती. हाही इटालियन, हाही कवी. 1912 साली लॉरेन्सच्या कापडगिरण्यांत हप्त्याचे तास 56 चे 54 झाले, आणि मालकांनी तेवढा पगार कापला. 20 हजारांवर कामगार बाहेर पडले, कितीतरी भाषांचे. संपात ॲना लोपिझ्झो ही कामगार बाई गोळीनं मेली. पकडलं कुणाला? जोव्हान्नित्ती आणि जोसेफ एटरला. गोळी सुटली तेव्हा दोघंही तिथं नव्हते! कोर्टात त्यांना पिंजऱ्यात बसवलं. संप मार्चमध्ये जिंकला, हे नोव्हेंबरमध्ये निर्दोष सुटले. तुरुंगात त्यानं 'द वॉकर' लिहिली. 1914 साली कवितासंग्रह आला, त्याला प्रस्तावना हेलन केलरची. आंधळी-बहिरी बाई जिद्दीनं शिकली, एवढंच आपल्याला शाळेत सांगतात. ती समाजवादी होती, हे कोण सांगतो?

दोघांच्याही पुस्तकाला प्रस्तावना दुसऱ्याचीच. पण पास्कल संपादकाच्या दारात एकटा उभा होता. जोव्हान्नित्तीच्या मागं अख्खी गिरणी उभी होती. पांढरपेशे समीक्षक दुसऱ्याला प्रचारकी म्हणतील. म्हणू देत. पिंजऱ्यात बसून लिहिणाऱ्याला कलेचे धडे देणारे, तुम्ही कुठं बसून लिहिता?

पण हुरळून जाऊ नका. पुढं इटालियनांना गोऱ्यांच्या पंगतीत पाट मिळाला. काळ्यांना नाही मिळाला. त्यांच्या कितीतरी नातवांना आजोबांच्या शिव्या आठवत नाहीत. आपल्याला जात असा पाट मांडू देणार नाही. एखाद्या कवीला एकट्याला मात्र मांडून देईल, शाल-श्रीफळासकट. बसण्याआधी मागं वळून बघा, दाराबाहेर कोण उभं आहे.

मी कविता परत मागून आणली. पाळी सुटल्यावर गोदीच्या गेटवर वाचली. टाळ्या काही फार पडल्या नाहीत. एक म्हातारा गडी म्हणाला, 'तिसरी ओळ खोटी हाय. गोणी अशी नाय उचलत.'

खरं होतं त्याचं. ओळ बदलली.