गाडी विकली, रिकॉल कुठे गेला?

माननीय श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं काम सुरू झालं तेव्हा राज्याचं बांधकाम खातं आपल्याकडे होतं. त्यामुळे बोरघाट आपल्याला सांगायला नको. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या चढावर गाड्या तुंबल्या की पहिला गिअर, हाफ क्लच, ब्रेक, पुन्हा हाफ क्लच असंच चालू राहतं. अशा वेळी क्लचच्या पॅडलचा लिव्हरच तुटला तर?

ही भीती माझ्या मनची नाही. डिसेंबर 2015 मध्ये जनरल मोटर्स इंडियाने याच लिव्हरसाठी 1,01,597 शेवरोले बीट डिझेल परत बोलावल्या, म्हणजेच रिकॉल केल्या होत्या. डिसेंबर 2010 ते जुलै 2014 दरम्यान बनलेल्या. त्याच वर्षी जुलैत रिमोटने दार उघडण्याच्या यंत्रणेसाठी स्पार्क, बीट आणि एन्जॉय मिळून सुमारे 1,55,000 गाड्यांना बोलावणं गेलं होतं. बीट म्हणजे आमच्या मावळची गाडी, तळेगावच्या कारखान्यातली. कंपनीने 2017 अखेर देशातली विक्री थांबवली, डिसेंबर 2020 मध्ये कारखान्याला टाळं लागलं, आता तिथे ह्युंदाई आली.

गाड्या मात्र फिरताहेत, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती. जुनी गाडी घेताना आमचा माणूस टायर बघतो, अ‍ॅव्हरेज विचारतो, बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो. रिकॉलचं काम झालं का, हे विचारायचं असतं हेच त्याला ठाऊक नसतं. कंपनीचं पत्र गेलेलं असतं पहिल्या मालकाला, तो कधीच मोकळा झालेला.

आपल्या खात्याने एप्रिल 2021 पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम आणले, दंडही एक कोटीपर्यंत ठेवला. चांगलंच केलं. पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. म्हणजे गाडी स्वस्त होऊन गरजवंताच्या दारात येते, तेव्हाच कायदा हात काढून घेतो. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांनाही प्राधिकारपत्र लागतं. तरी मालकी बदलताना भरायच्या फॉर्म 29 आणि 30 मध्ये रिकॉलचा रकाना नाही.

‘वाहन’ पोर्टलवर विमा दिसतो, पीयूसी दिसते, कर्जाचा बोजाही दिसतो. चासी नंबर तर तिथे आहेच. कंपन्यांनी स्वेच्छेने केलेल्या रिकॉलसकट सगळ्या याद्या त्या नंबराला जोडा, आणि काम बाकी असेल तर नाव बदलण्याआधी ते घेणाऱ्याला दिसू द्या. वयाची अट दुरुस्तीच्या सक्तीला असेल, माहितीला कशाला? डीलर म्हणतील, भाव पडेल. पडू द्या, तो खरा भाव.

एक प्रश्न उरतोच. कंपनीने इथली विक्री बंद केली, तर राहिलेलं रिकॉलचं काम कोणी आणि कोणाच्या पैशाने करायचं? त्याचं लेखी उत्तर नियमातच हवं. पोर्टलमधला बदल आधी एका आरटीओ कार्यालयात करून पाहायचा असेल, तर पिंपरी-चिंचवडचं एमएच 14 घ्या. मावळ त्याच्याच हद्दीत येतो.

आपला,
तळेगाव दाभाड्याचा एक वाहनचालक