बदलाला जागा ठेवणारी रचना

‘डिझाइन’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर साडीचा काठ, इमारतीचा नकाशा किंवा मोटारीचा आकार येतो. परंतु अर्जाचा नमुना, बसस्थानकावरील सूचना, रेशन दुकानातील रांगेची पद्धत यासुद्धा रचनाच होत. कोणीतरी त्या आखतो आणि दुसऱ्या कोणाला त्या वापराव्या लागतात. आखणी आणि वापर यांच्या मधल्या काळात परिस्थिती पालटली तर काय व्हावे, हा या लेखाचा विषय आहे.

१९७३ साली हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या अभ्यासकांनी नियोजनाच्या प्रश्नांचे महत्त्वाचे विवेचन केले. गणिताचे कोडे एकदा सुटले की सुटते. सामाजिक प्रश्नांचे तसे नसते. तेथे मूळ प्रश्न कोणता, हेच उत्तर शोधताना उलगडत जाते आणि प्रत्येक उपाय कोणाच्या तरी आयुष्यावर आपली खूण ठेवून जातो. म्हणून अशा प्रश्नांत रचनाकाराला एक उत्तर आखून बाजूला होता येत नाही, असे माझे मत आहे. उत्तराबरोबरच ते बदलण्याची सोयही त्याने आखली पाहिजे.

याचे उदाहरण मराठवाड्यातच आहे. छत्रपती संभाजीनगर आणि जालना यांच्या दरम्यान करमाड हे गाव आहे. एका बाजूस शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूस जालन्याचे पोलाद कारखाने. परप्रांतांतील अनेक मजूर या पट्ट्यात कामाला येतात. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रेल्वेमार्गावर विसावलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली आणि १६ जण मृत्युमुखी पडले. टाळेबंदीमुळे ते जालन्याहून पायी निघाले होते. मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी भुसावळहून गाडी मिळेल, अशी त्यांची आशा होती. चालकाने गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला, असे रेल्वेने सांगितले.

व्यवस्था मुळीच नव्हती, असे नाही. १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या होत्या. प्रवासाचे परवाने दिले जात होते. मात्र अर्ज करूनही उत्तर आले नव्हते, असे बचावलेल्यांनी सांगितल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले. अर्ज स्वीकारणारी व्यवस्था ‘तुमचा अर्ज येथवर पोहोचला आहे, अमुक दिवस थांबा’ एवढेही कळवत नसेल, तर अर्जदाराने थांबायचे कशाच्या आधारावर? शिवाय, माणसे रस्त्यांवरून चालत निघाली आहेत, हे मार्चअखेरपासून साऱ्या देशाला दिसत होते. आखलेली रचना आता पुरी पडत नाही, हे त्यांची पावलेच सांगत होती. रचनाकाराला याहून स्पष्ट अभिप्राय कोणता मिळणार?

येथे कोणी आक्षेप घेईल, की रेल्वेसारखी व्यवस्था काटेकोर नियमांवरच चालते. तेथे लवचिकता आणली तर धोका वाढेल. हा आक्षेप रास्त आहे. सिग्नलचा अर्थ परिस्थितीनुसार बदलू लागला तर कोणीच सुरक्षित राहणार नाही. परंतु लवचिकता म्हणजे सरसकट सैलपणा नव्हे. कोणता भाग अढळ ठेवायचा आणि कोणता बदलता, याचा विवेक करणे हीच रचनाकाराची खरी परीक्षा होय. रुळांवरून चालू नये, हा नियम अढळच हवा. मात्र माणसे चालू लागल्यावर वाटेतील मुक्काम आणि पाण्याची सोय, रुळांवरील गस्त, मजुरांना समजेल अशा भाषेतील सूचना या गोष्टी दिवसागणिक बदलता आल्या पाहिजेत.

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी शहरासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, नहर बांधली. केवळ उताराच्या बळावर तिने जमिनीखालून शहरात पाणी आणले. या भूमिगत मार्गावर ठिकठिकाणी आत उतरता येईल अशी तोंडे ठेवलेली आहेत. पाणी कोठे अडले ते तेथून पाहता येते, साचलेला गाळ काढता येतो. नहर कधीतरी तुंबेल, हे बांधणाऱ्यांनी आधीच गृहीत धरले होते. आपली रचना चुकू शकते, हे मान्य करण्यात कमीपणा नसतो. ते मान्य करणारी रचनाच दीर्घकाळ उपयोगी पडते.

मराठीच्या विद्यार्थ्यांशी याचा संबंध काय, असे आपणांस वाटेल. आपल्यापैकी अनेकजण नोकरी, शेती वा संसार सांभाळून शिकत आहात. ग्रामपंचायतीत, शाळेत, बचतगटात वा कार्यालयात सूचना, अर्ज आणि पत्रके लिहिण्याचे काम आपल्याकडे येते. ते काम म्हणजे भाषेची रचना होय. आपण लिहिलेली सूचना ज्यांच्यासाठी आहे त्यांपैकी एखाद्याला ती वाचायला द्या आणि त्यातून काय समजले ते विचारा. अर्जाच्या तळाशी उत्तर केव्हा व कोणाकडून मिळेल ते लिहा. सूचना लावल्यानंतर आठवडाभराने तेथे पुन्हा जा आणि लोक प्रत्यक्षात काय करीत आहेत ते पाहा. ते सूचनेहून वेगळे वागत असतील, तर त्यांना दोष देण्यापूर्वी आपला मजकूर पुन्हा वाचा.