पटावरची जोडी, शेतातली जोडी

गुलमंडीवर राहणाऱ्या माणसाने वेगाविषयी लिहावं, हा तसा विनोदच आहे. संध्याकाळी आमच्या चौकात रिक्षा, हातगाडी आणि माणूस तिघेही एकाच चालीने सरकत असतात. तरी सध्या आमच्या घरात चर्चा वेगाचीच, कारण नातवाला 'ड्रॅग रेस'चं वेड लागलंय. सरळ पट्टी, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर अंतर, शेजारी-शेजारी दोन गाड्या, जागेवरून सुटायचं आणि सेकंदाच्या बारीक तुकड्यांवर निकाल. त्याने हे सगळं समजावून सांगितल्यावर मी म्हणालो, "अरे, हा तर पट!" त्यावर "पट म्हणजे काय, आजोबा?" असा प्रश्न आला. सतरा वर्षांच्या मराठवाडी मुलाला हा प्रश्न पडावा, याचं मला थोडं वाईट वाटलं.

पट म्हणजे शंकरपट. वऱ्हाडात, झाडीपट्टीत आणि आमच्या जालना-भोकरदनच्या पट्ट्यात संक्रांतीनंतर बैलजोड्यांच्या ज्या शर्यती लागतात, त्या. सरळ आखलेली धाव, हलका छकडा, त्यावर एकटा धुरकरी. कुठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात, कुठे एकेक जोडी घड्याळावर पळते. झाडीपट्टीत तर दिवसा पट आणि रात्री नाटक असा बेत असतो, पाव्हण्यारावळ्यांनी घरं भरून जातात.

१९८४ साली मी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात बँकेच्या शाखेत शेती-अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. बैलजोडीसाठी कर्ज दिलं की मी गोठ्यात जाऊन बैलाचा रंग, शिंगं, दात, वय लिहून आणायचो आणि विम्याचा बिल्ला कानात बसला की नाही ते पाहायचो. फॉर्मवर 'धाव' असा रकाना नव्हता. गावात मात्र बैलाची पत धावेवरही ठरायची.

गावामागच्या गायरानात पटाची धाव होती. पहिल्याच वर्षी मंडळींनी घड्याळ माझ्या हातात दिलं. बँकेचा साहेब म्हणजे हिशेबाला पक्का, आणि परगावचा म्हणजे कुठल्याच भावकीतला नव्हे. झेंडी पडली की कळ दाबायची, बैलांनी शेवटची रेघ ओलांडली की पुन्हा दाबायची. एवढंच काम, पण बँकेची तिजोरी उघडताना कधी घाम फुटला नाही तेवढा त्या दुपारी फुटला.

एक लाल कंधारी जोडी आली. दोघांच्याही कानात आमच्या कर्जाचे बिल्ले. मालक पाच-सहा एकरांचा धनी. जोडी आदल्या दिवशी खळ्यावर होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खळ्यावरच जाणार होती. ती सुटली तेव्हा माझा अंगठा घड्याळावर होता आणि जीव बैलांत. शेजारच्या गावच्या पाटलाच्या पांढऱ्या खिलार जोडीपुढे दोन दशांश सेकंदांनी ती हरली. मी आकडा वाचला. मालकाने तो मान हलवून मान्य केला आणि बैलांच्या पाठीवर घोंगडी टाकली. तिथेच एका व्यापाऱ्याने कर्जाच्या दीडपट किंमत बोलली. हा म्हणाला, "इकाया नाही आणली, दाखवाया आणलीया." पुढच्या हंगामात त्याच्या जोडीला भाड्याच्या नांगरटीची एवढी कामं मिळाली की त्याचा एकही हप्ता थकला नाही.

मोठ्या पाटलांचे खास पटाचे बैल तेव्हाही असत, नाही असं नाही. पण पटाचा कणा होता तो शेतात राबणारा बैल. कुणाची जोडी नीट खाते-पिते, कुणाच्या खुरांची हेळसांड झाली आहे, हे मला त्या एका दुपारी जेवढं कळलं, तेवढं वर्षभराच्या तपासणीत कळलं नसतं.

मोटारींची कथाही फार वेगळी नाही. पाव मैलाचं अंतर अमेरिकेत आधी घोड्यांनी रूढ केलं. तिथल्या एका घोड्याच्या जातीचं नावच त्यावरून पडलं. १९५० साली कॅलिफोर्नियात सांता ॲना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर सी. जे. हार्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी मोटारींच्या शर्यती सुरू केल्या, आणि रस्त्यावर जीव धोक्यात घालणाऱ्या पोरांना जागा मिळाली. घरची जुनी गाडी खटपट करून आणावी आणि पळवावी, असा सुरुवातीचा मामला. १९५९ मध्ये ती पट्टी बंद झाली. तोवर केवळ शर्यतीसाठी बांधलेली, एरवी भाजी आणायलाही निरुपयोगी अशी यंत्रं पुढे आली होती.

आमच्या पटाचंही तेच होतंय.

बंदीचा राग मला कधी आला नाही. पराणीची आर, पिरगाळलेल्या शेपट्या, दातांनी चावलेल्या शेपट्याही मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. २०११ ची केंद्राची अधिसूचना आणि ७ मे २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काही आकाशातून पडले नव्हते. पुढे २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, तोही न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा वैध ठरवला. गुलाल उधळला गेला. तो उधळणाऱ्यांत माझे जुने कर्जदारही होते.

पण परत आला तो पट निराळा आहे. आता बैल केवळ पळण्यासाठी पोसला जातो, त्याच्या किमती लाखांत बोलल्या जातात, खांद्याला जू लागतं ते शर्यतीपुरतं. बक्षीस मोटारसायकल, मोटार, कुठे ट्रॅक्टर. बैलाने जीव तोडून पळायचं आणि जिंकायचा काय, तर ट्रॅक्टर! परवानगीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज आणि पन्नास हजारांची हमी लागते. माजी बँकवाला म्हणून हमीचं मोल मला कळतं, पण चार गावांच्या छोट्या पटाला हा आकडा झेपत नाही आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शर्यतीला तो जाणवतही नाही. आमच्या त्या गावची धाव बंदच राहिली. अर्ध्या गायरानात घरं झाली, उरलेल्यात गोदाम.

दरम्यान बैलच संपत चालला आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ मध्ये ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत तीस टक्के घट. ट्रॅक्टर आला, चारा महागला, आणि २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्याने म्हाताऱ्या बैलाची बाजारातली किंमत बसली. याला शर्यत हे औषध नाही, हे मलाही कळतं. पण पट संस्कृतीसाठी आणि देशी गोवंशासाठी आहे, असं व्यासपीठावरून सांगायचं असेल, तर प्रत्येक पटात कामाच्या जोड्यांचा वेगळा गट हवा. जोडी शेतात राबते याचा दाखला तलाठ्याने द्यावा, खांदा आणि खूर पशुवैद्यकाने तपासावेत. बक्षीस द्यायचं तर वर्षाचा कडबा, विम्याचा हप्ता, गोठ्याची पत्रं द्यावीत. आणि असा गट ठेवणाऱ्या लहान गावांची हमी पन्नासावरून पाच हजारांवर आणावी. पशुवैद्यकाची हजेरी, काठी-पराणीला मनाई आणि मोडणाऱ्याला शिक्षा, या अटी मात्र तसूभरही सैल करू नयेत. घड्याळ धरायला माणूस हवा असेल, तर मी यायला तयार आहे.